ब्लू-रे, एचडी डीव्हीडी आणि आपल्या कपाटातल्या डिस्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेअर बाजारातून दिसेनासे होत चाललेत, डिस्क मात्र घरोघरी कपाटात तशाच पडून आहेत. त्यामुळे लोक दोन प्रकारचे प्रश्न विचारतात: ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन डिस्क-प्रकारांच्या लढाईत तेव्हा नेमकं काय झालं होतं, आणि आता घरातल्या मालाचं काय करायचं. इथे दोन्हींची उत्तरं एकत्रच दिली आहेत.

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांचं भांडण कशावरून होतं?

दोघांनाही करायचं होतं एकच. हाय डेफिनिशन सिनेमा डीव्हीडीवर मावत नव्हता, तो तेवढ्याच आकाराच्या डिस्कवर बसवायचा होता. त्यासाठी दोघांनीही ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर घेतला. डीव्हीडीचा लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा असतो आणि सीडीचा ७८० चा. लहर आखूड असली की खुणा बारीक कोरता येतात आणि तेवढ्याच जागेत जास्त मावतं. इथपर्यंत मतभेद नव्हता.

मतभेद होता तो माहितीचा थर डिस्कच्या पृष्ठभागापासून किती आत ठेवायचा यावर. तोशिबा आणि एनईसीने तो डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत ठेवला. फायदा असा की डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्यांना जुन्याच यंत्रांत थोडे फेरफार करून एचडी डीव्हीडी काढता येत होती. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, पायोनियर या मंडळींनी तो थर ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यामुळे ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावू लागले आणि एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५. दोन थरांच्या डिस्कचा हिशोब ५० विरुद्ध ३० असा.

पण थर इतका वर आला की साध्या ओरखड्यानेही डिस्क वाया जाणार. म्हणून सुरुवातीची ब्लू-रे डिस्क चक्क प्लास्टिकच्या डबीत बंद होती, आणि प्लेअरमध्ये डबीसकट घालायची होती. पुढे टणक लेप निघाला तेव्हा डबी गेली. कारखान्यांना मात्र नवी यंत्रं घ्यावीच लागली, आणि कारखानदार कुरकुरले ते यावरच.

२००५ मध्ये सोनी आणि तोशिबा एकच फॉरमॅट काढण्यासाठी बोलणी करायला बसले होते. बोलणी फिसकटली. त्याची किंमत पुढची तीन वर्षं ग्राहकांनी मोजली.

चित्र कोणाचं चांगलं होतं?

घरच्या टीव्हीवर फरक ओळखून दाखवणारा मला तरी भेटला नाही. दोन्हींत १०८०पी चित्र होतं आणि चित्र दाबून बसवण्याच्या पद्धतीही त्याच तीन: एमपीईजी-२, व्हीसी-१ आणि एच.२६४. उलट २००६ मधल्या पहिल्या काही ब्लू-रे डिस्क एकाच थराच्या होत्या, त्यात जुनी, जागा खाणारी एमपीईजी-२ पद्धत वापरलेली. तेव्हा कागदावर लहान असलेली एचडी डीव्हीडीच जास्त नेटकी दिसायची. दोन थरांच्या ब्लू-रे डिस्क सर्रास येऊ लागल्या तशी ही तक्रार मिटली.

मग ब्लू-रे जिंकलं कशामुळे?

दुकानात काय मिळतंय यावर निकाल लागला. तोशिबाची बाजू सुरुवातीला मुळीच कमकुवत नव्हती. अमेरिकेत एप्रिल २००६ मध्ये त्यांचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरला आला. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला तो ९९९ डॉलरला, म्हणजे दुप्पट. नोव्हेंबर २००७ मध्ये तर वॉलमार्टने तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला आणि लोकांच्या उड्या पडल्या.

पण सोनीने नोव्हेंबर २००६ मध्येच प्लेस्टेशन ३ आणला होता आणि त्यात ब्लू-रे आधीपासून बसवलेला होता. गेम खेळायला मशिन घेणाऱ्या मुलाच्या घरात ब्लू-रे प्लेअर आपोआप येत होता. मायक्रोसॉफ्ट तोशिबाच्या बाजूने होती, तरी एक्सबॉक्स ३६० मध्ये एचडी डीव्हीडी आत बसवली नव्हती. १९९ डॉलरचा वेगळा ड्राइव्ह विकत घ्यावा लागायचा. खास त्यासाठी पैसे किती जण मोजणार? मला विचाराल तर तोशिबाची बाजू तिथेच लंगडी पडली. स्वस्त प्लेअरने लोक दुकानात येतात, पण लाखो घरांत न मागता पोचणारं यंत्र वेगळंच वजन टाकतं.

दुसरं वजन स्टुडिओंचं. सोनी, डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेकडे, युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे, पॅरामाउंट आणि वॉर्नर दोन्हीकडे. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अॅनिमेशन यांनी एकदम फक्त एचडी डीव्हीडी असा पवित्रा घेतला. त्यासाठी दोघांना मिळून १५ कोटी डॉलरचे फायदे मिळाल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त ब्लू-रे काढणार. लास व्हेगासचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन दोन-तीन दिवसांवर आलं होतं. एचडी डीव्हीडीवाल्यांनी तिथली आपली पत्रकार परिषदच रद्द केली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हा ते डिस्क भाड्याने द्यायचे), बेस्ट बाय ही दुकानसाखळी आणि वॉलमार्ट पाठोपाठ ब्लू-रेकडे वळले, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात वर केले.

पुढच्याच वर्षी तोशिबाने स्वतःचा ब्लू-रे प्लेअर काढला. धंदा तो धंदा.

एचडी डीव्हीडी घेऊन बसलेल्यांचं काय झालं?

प्लेअर बंद पडले नाहीत. ते साधी डीव्हीडी उत्तम चालवत होते, त्यामुळे कित्येकांनी तेच वर्षानुवर्षं वापरले. बेस्ट बायने आपल्या ग्राहकांना ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. वॉर्नरने नंतर एक योजना काढली: एचडी डीव्हीडीचं वेष्टन पाठवा, वर सुमारे पाच डॉलर भरा आणि तोच सिनेमा ब्लू-रेवर घ्या. बाकी स्टुडिओंच्या डिस्क ज्याच्या त्याच्या गळ्यात पडल्या.

जिंकलेल्या बाजूच्या ग्राहकांचीही फसगत झाली होती, हे कमी बोललं जातं. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला इंटरनेटची जोडणी आणि चित्रात चित्र दाखवण्याची सोय पहिल्या दिवसापासून सक्तीची होती. ब्लू-रेने हे टप्प्याटप्प्याने आणलं. त्यामुळे २००६ मध्ये हजार डॉलर मोजून प्लेअर घेतलेल्याला पुढच्या डिस्कवरच्या बऱ्याच खास गोष्टी दिसल्याच नाहीत. मूळ सिनेमा तेवढा चालायचा. घाई करणाऱ्याला दोन्हीकडे चटका बसला.

दोन्ही चालवणारं मशिन निघालं नव्हतं का?

निघालं होतं. एलजीने २००७ मध्ये काढलं, पण ते महाग होतं. वॉर्नरने त्याच वर्षी एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी अशी दुतोंडी डिस्क दाखवली. ती दुकानात आलीच नाही.

याआधी असं कधी झालं होतं?

व्हीएचएस आणि बीटामॅक्सची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती कॅसेटची. डिस्कच्या जगात १९७८ मध्ये अमेरिकेत लेसर डिस्क आली, जेवणाच्या ताटाएवढी. १९८१ मध्ये आरसीए कंपनीने तिच्यासमोर सीईडी उभी केली. तिच्यावर चक्क सुई टेकायची. तीनच वर्षांत आरसीएने प्लेअर बनवणं थांबवलं.

डीव्हीडीच्या वेळीही हेच होणार होतं. सोनी-फिलिप्सचा एक फॉरमॅट, तोशिबा आणि टाइम वॉर्नरच्या गटाचा दुसरा. तेव्हा आयबीएमच्या पुढाकाराने संगणक कंपन्यांनी बजावलं की दोन फॉरमॅट आम्ही घेणार नाही, एक ठरवा आणि मग या. १९९५ मध्ये तडजोड झाली. म्हणूनच डीव्हीडी इतक्या झपाट्याने पसरली. दहा वर्षांनी तसा दम भरणारा कोणी उरला नव्हता.

आणि एक विसरलेलं प्रकरण: डिव्हएक्स. इंटरनेटवरून सिनेमे उतरवणारे ज्याला डिव्हएक्स म्हणायचे तो नव्हे. १९९८ मध्ये सर्किट सिटी या अमेरिकी दुकानसाखळीने साडेचार डॉलरला डिस्क विकायला सुरुवात केली. पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास बघायची, पुन्हा बघायची तर पुन्हा पैसे. प्लेअर फोनच्या तारेवरून कंपनीला हिशोब कळवायचा. लोकांनी ती झिडकारली आणि वर्षभरातच गाशा गुंडाळावा लागला. २००१ मध्ये ती सेवा बंद झाली तेव्हा त्या डिस्क सगळ्याच निकामी झाल्या.

भारतात ही लढाई जाणवली का?

फारशी नाही. आपल्याकडचा खरा सामना व्हीसीडी आणि डीव्हीडी यांचा होता, आणि त्यात ‘हलकी’ बाजू, म्हणजे व्हीसीडी, बरीच वर्षं पुढे राहिली.

व्हीसीडीचं तंत्र १९९३ चं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण व्हीएचएस कॅसेटच्या तोडीचं. एका डिस्कवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटं. हिंदी सिनेमाला दोन डिस्क, लांबण असली तर तीन. अमेरिकेत व्हीसीडी कधी रुजलीच नाही. भारत, चीन आणि आग्नेय आशियात ती घरोघरी गेली. प्लेअर स्वस्त, डिस्क स्वस्त, थोडे ओरखडे असले तरी चालून जायची, आणि एकोणीस-वीस इंची टीव्हीवर डीव्हीडीचा फरक कळणार कोणाला?

मराठी नाटकांना तर व्हीसीडी अशी बसली की जणू त्यांच्यासाठीच केली असावी. पहिला अंक पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्यावर. डिस्क बदलायला उठलं की घरातही मध्यंतर आणि चहा. पुण्या-मुंबईला जाऊन प्रयोग बघणं ज्यांना जमत नव्हतं अशा गावागावांत नाटकं पोचली ती अशी. त्यातली काही आज या व्हीसीडींखेरीज कुठेच सापडत नाहीत, म्हणून या चित्राला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

२००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने बाजार उलटापालटा केला. कोऱ्या डिस्क बनवणारी ही जगातली एक मोठी कंपनी. तिने सिनेमांचे हक्क घेतले आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. दोन्हींत सहा रुपयांचा फरक राहिल्यावर व्हीसीडी कोण घेणार? पायरेटेड डिस्कशीही या भावात टक्कर देता आली. ब्लू-रे मात्र आपल्याकडे कायम हौशी लोकांपुरतीच राहिली. आपण डीव्हीडीवरून थेट मोबाइलवर उतरलो. मोझर बेअर पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये तिची मालमत्ता विकून कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला.

अमेरिकेतल्या भावाने आणलेली डिस्क इथे चालत नाही. बिघडली आहे का?

बहुधा नाही. डिस्कवर विभागाचा आकडा असतो आणि तो प्लेअरच्या आकड्याशी जुळावा लागतो. डीव्हीडीत अमेरिका १, युरोप, जपान आणि आखाती देश २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५. ब्लू-रेत अक्षरं आहेत: अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत आणि चीन सी. वेष्टनाच्या मागच्या बाजूला एक छोटं चिन्ह असतं (डीव्हीडीवर पृथ्वीगोलाचं), त्यात हा आकडा किंवा अक्षर छापलेलं असतं. शून्य किंवा ‘ऑल’ असेल तर कुठेही चालते. हिंदी-मराठी डीव्हीडी बहुतेक अशाच असतात. एचडी डीव्हीडीत हा विभागांचा प्रकार नव्हता, हा तिचा एक गुण हरण्याच्या गडबडीत वाया गेला. ४के ब्लू-रेतही तो नाही.

संगणकाच्या ड्राइव्हवर डीव्हीडी लावलीत आणि ‘विभाग बदलू का’ असं विचारलं गेलं तर सांभाळून हो म्हणा. पाच वेळाच बदलता येतो, मग शेवटचा कायमचा.

इथून तिकडे डिस्क पाठवणाऱ्यांची अडचण वेगळी असते. पाल या आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीने केलेली डिस्क, आणि त्यात आपल्या लग्नाच्या डीव्हीडी आल्याच, अमेरिकेतल्या बऱ्याच प्लेअरवर दिसत नाही. संगणकावर दिसते.

वेष्टन हरवलंय. डिस्क कुठली ते कसं ओळखू?

ट्यूबलाइटखाली उलटी धरा. छापील सीडी आणि व्हीसीडी स्वच्छ चंदेरी दिसते. दोन थरांच्या डीव्हीडीला किंचित सोनेरी झाक असते. घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेली डिस्क जांभळट, निळसर किंवा पोपटी. कडेकडे बघा: डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते, त्यामुळे कडेला मधोमध बारीक रेघ दिसते. सीडीला ती नसते. ब्लू-रेची खालची बाजू गडद आणि काळसर निळी असते.

ब्लू-रे प्लेअरवर व्हीसीडी चालेल का?

डीव्हीडी चालेल. व्हीसीडीची खात्री नाही, कारण बऱ्याच ब्लू-रे प्लेअरमधून ती सोय काढून टाकली गेली. विकत घेण्याआधी डिस्क हातात घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा.

लग्नाची डीव्हीडी पंधरा-वीस वर्षं जुनी आहे. काय करू?

आजच कॉपी करा. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

दुकानातल्या सिनेमाच्या डिस्कवर खड्डे साच्याने उमटवलेले असतात. लग्नाची डिस्क तशी नसते. तिच्यात रंगाचा एक थर असतो आणि लेसरने तो जागोजागी भाजलेला असतो. रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेने उतरतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात खिडकीजवळच्या कपाटात ठेवलेली डिस्क आधी जाते. डिस्क बाहेरच्या कडेकडून बिघडू लागते आणि डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून भरगच्च डिस्कवर हळद नीट दिसते आणि पाठवणी अडकते.

अशा डिस्कवर कॉपीला अटकाव नसतो. डीव्हीडी असेल तर संगणकावर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर दिसेल, ते पूर्ण उचलून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हीसीडी असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल घ्या. व्हीएलसी या मोफत प्लेअरवर दोन्ही चालतात. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यात घालून बघा. ड्राइव्हागणिक लेसरची नजर वेगळी असते, आणि जुन्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह कधीकधी कमाल करतो.

संगणकावर डिस्क कोरी दिसत असेल तर तिच्याकडे पुन्हा नीट बघा. मागच्या बाजूला आतल्या कड्यापासून काही अंतरापर्यंत रंग गडद आहे का? असेल तर त्यावर काहीतरी लिहिलेलं आहे, फक्त शेवटची ‘फायनलाइज’ करण्याची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी डिस्क बंद करण्याची, पायरी राहून गेली असावी. कॅमेऱ्यात थेट छोट्या डिस्कवर चित्रण करण्याच्या काळात हे फार व्हायचं. फेकू नका, डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे न्या.

छापील डिस्कही खराब होतात का?

होतात, पण क्वचित. आतला चमकदार थर गंजतो किंवा दोन चकत्यांमधला डिंक बिघडतो. वॉर्नरच्या २००६ ते २००८ या काळातल्या काही डीव्हीडींना हे झालं, आणि २०२५ मध्ये कंपनीने ते मान्य करून डिस्क बदलून द्यायची तयारी दाखवली. वॉर्नरच्या एचडी डीव्हीडी तर यासाठी कुप्रसिद्धच आहेत.

आता ४के ब्लू-रे प्लेअर घ्यावा का?

मोठा टीव्ही असेल, आवाजाची हौस असेल आणि आवडीचे सिनेमे डिस्कवर निघत असतील तरच. चित्र आणि आवाज ओटीटीपेक्षा सरसच असतात, कारण १०० जीबीपर्यंतच्या डिस्कवर सिनेमा फार दाबावा लागत नाही. पण बनवणारे कमी होत आहेत. ओप्पोने २०१८ मध्ये थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर काढणं सोडलं, २०२४ च्या अखेरीस एलजीनेही आवरतं घेतलं. मराठी सिनेमासाठी घेत असाल तर घेऊ नका, डिस्क मिळणार नाहीत.

सगळं ओटीटीवर असताना डिस्क ठेवायच्या तरी कशाला?

सगळं नसतं म्हणून. २०२४ मध्ये फनिमेशन ही अॅनिमेची (जपानी अॅनिमेशनपटांची) सेवा बंद झाली तेव्हा डिस्कबरोबर मिळालेल्या डिजिटल प्रतीही ग्राहकांच्या खात्यातून गेल्या. डिस्क तेवढ्या उरल्या. जे सिनेमे आणि नाटकं पुन्हा बघाल याची खात्री आहे तेवढे ठेवा, बाकीचे वाटून टाका.

जुन्या बाजारात एचडी डीव्हीडी दिसली, घेऊ का?

भाव चणे-फुटाण्याचा असेल आणि वाचायला यंत्र असेल तर. एक्सबॉक्स ३६० चा तो वेगळा ड्राइव्ह यूएसबीने संगणकालाही जोडता येतो, आणि तोशिबाच्या प्लेअरपेक्षा आणायला हलका. डिस्क मात्र घेण्याआधी उजेडासमोर धरा. ठिपक्या-ठिपक्यांनी प्रकाश आरपार येत असेल किंवा कडेला ढगाळ डाग असतील तर तिथेच ठेवून या.